फॅट पीएस२: काळी डिस्क चालली, खरेदी थांबली

मंडळी, काळी डिस्क वाचली! रविवारी रात्री पावणेबाराला माझ्या ३९००० मालिकेतल्या फॅटवर, म्हणजे प्लेस्टेशन २च्या (पीएस२) जुन्या जाड मॉडेलवर, 'फायनल फँटसी सेव्हन'ची पहिली डिस्क सुरू झाली. साडेचार महिन्यांत पहिल्यांदाच मी त्या मशीनसमोर स्क्रूड्रायव्हर न घेता बसले.

मागच्या नोंदी वाचलेल्यांना रोग ठाऊक आहे. चंदेरी डिस्क, म्हणजे पीएस२ची डीव्हीडी, व्यवस्थित; निळी, म्हणजे पीएस२ची सीडी, लहर लागली तर; आणि काळी, म्हणजे पीएस१ची सीडी, कधीच नाही. थेट डिस्क नाकारणारा लाल पडदा. या मशीनमध्ये लेसर युनिट एकच असलं तरी डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा आणि सीडीला ७८० नॅनोमीटरचा किरण लागतो. एक थकला तरी दुसरा धड राहू शकतो. त्यामुळे लेसर गेला असं मी धरून चालले आणि पैसे ओतत गेले.

पहिला नवा लेसर ९५० रुपयांचा. काहीच वाचेना, म्हणून डब्यात टाकला. मग जुन्या बाजारातून सुट्या भागांसाठी एक बंद मशीन, २,२०० रुपये. त्याचा लेसरही फक्त चंदेरी वाचणारा. मग दुसरा नवा लेसर १,४०० रुपयांचा, त्याचं दुखणंही अगदी तेच. मग दुसरं बंद मशीन ३,००० रुपयांना. हे सगळं ७,५५० रुपयांचं झालं, आणि मूळ मशीन मी घेतलं होतं ४,५०० रुपयांना.

गाठ सुटली पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात. डिसोल्डरिंग वायर, म्हणजे सोल्डर शोषून घेणारी तार, घ्यायला गेले होते, पिशवीत तो पहिला 'मेलेला' लेसर होता. डीव्हीडी प्लेअर दुरुस्त करणाऱ्या काकांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हा डाग काढलाच नाहीत तुम्ही." नवा लेसर वाटेत स्थिर विजेने जळू नये म्हणून कारखान्यात दोन बिंदू सोल्डरच्या डागाने जोडून ठेवतात. बसवल्यावर तो डाग काढायचा असतो. मी तो न काढता लेसर बसवला आणि मेलेला ठरवला. काकांनी वायर ठेवून दोन सेकंदांत डाग उचलला, पैसे घेतले नाहीत. त्या विक्रेत्याबद्दल मी मागे कडक लिहिलं होतं, ते मागे घेते. माल चांगला होता.

घरी येऊन बसवला. चंदेरी चालली, निळी चालली! काळी मात्र पाच प्रयत्नांत एकदा. ड्राइव्हच्या कडेला एक पांढरं दातेरी चाक असतं. ते फिरवलं की लेसरच्या दांड्याची उंची बदलते. आधी मूळ जागेवर पेनाने खूण केली, मग एकेक दाता. डावीकडे एका दात्यावर काळी तीनदा वाचली, दोन दात्यांवर चंदेरीही अडखळली. एकावर परत आणून सोडलं. लेसरवरच्या छोट्या पोटेन्शियोमीटरला, म्हणजे किरणाची ताकद बदलणाऱ्या स्क्रूला, मात्र हात लावला नाही, तुम्हीही लावू नका. अंदाजाने फिरवून किरण वाढवला तर डायोड लवकर जळू शकतो.

तरीही गेममधली चित्रफीत मध्येच थांबायची. आतल्या कडेचं वाचन ठीक, बाहेरच्या कडेला जाताना लेसर अडकायचा. दांड्यावरचं ग्रीस थंडीतल्या तुपासारखं थिजलं होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून प्लास्टिकला चालणारं नवं ग्रीस अगदी पातळ लावलं. गंज सोडवणारा स्प्रे इथे वापरू नका, तो असलेलं ग्रीसही धुऊन नेतो. त्यानंतर एकही चित्रफीत अडकलेली नाही. आता वाटतं, जुन्या लेसरचा दोष निम्मा या ग्रीसचाच असावा. तो पुन्हा बसवून पाहणार आहे.

आता ज्यासाठी खरं लिहायला बसले ते. दुरुस्तीचा खर्च मोजायला वही काढली आणि गेल्या वर्षाची सगळी खरेदी मांडली. ६४,३०० रुपये. कपाटात २१४ गेम, शेवटपर्यंत खेळलेले ३२, आणि ६१ डिस्क अशा की एकदाही मशीनमध्ये गेल्या नाहीत. त्याहून जास्त मला तारखांनी अडवलं. मशीन उघडून हरलेल्या बहुतेक प्रत्येक रात्री मी काहीतरी मागवलेलं आहे. दुसरा लेसर फसला त्या रात्री सीलबंद 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स', १,८०० रुपये. मुंबईच्या ट्राइन गेम्सने २०१० मध्ये पीएस२साठी केलेला गेम जपून ठेवावा असं मला मनापासून वाटतं, २००९ चा 'देसी अड्डा' घेतला तोही तसाच. या दोन्ही खरेदींचं दुःख नाही. दुःख याचं आहे की 'देसी अड्डा'मधली कबड्डी मी अजून एकदाही खेळलेली नाही. खेळायची भूक मी विकत घेण्यावर भागवत होते.

म्हणून एक ठरवलं: हाती घेतलेला गेम संपेपर्यंत नवं काही घ्यायचं नाही. दुसऱ्या बंद मशीनला नेटवर्क अडॅप्टर आणि हार्ड डिस्क लावून ओपीएल, म्हणजे डिस्कशिवाय गेम चालवणारं सॉफ्टवेअर, चालवायचं ठरवलं होतं. पण अडॅप्टर विकत घ्यावा लागेल, म्हणजे तीच वाट. हे लिहितानाच सुचलं की त्या मशीनचा बोर्ड चांगला आहे, जुन्या लेसरवर चंदेरी डिस्क चालल्या तरी पुरे, ते मशीन नाशिकला भाच्याला देता येईल. 'टेकन फाइव्ह'ची माझ्याकडे दुसरी प्रत आहेच. ताईला फोन करते.

पीएस१चं मेमरी कार्डही जुनंच वापरतेय, कारण पीएस२च्या ८ एमबी कार्डावर जुने सेव्ह नुसते साठवता येतात, गेम त्यावरून खेळता येत नाही. पंधरापैकी चार ब्लॉक भरलेत. पाल (आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत) आवृत्तीच्या ५० हर्ट्झचा संथपणा आणि वर-खालच्या काळ्या पट्ट्या २१ इंची डबा टीव्हीवर मला खुपत नाहीत.

काल रात्री पहिल्या डिस्कचा शेवट आला. काय होतं ते माहीत असूनही रडले. पडद्यावर दुसरी डिस्क मागितली. ट्रे उघडताना हात थरथरत होता. लेसर दोनदा टकटकला, थांबला, आणि गेम पुढे सुरू झाला. आता गेममधल्या आइसिकल इन या गावापर्यंत पोचलेय, बाहेर सगळीकडे बर्फ आहे.