पांढरा ग्रॅनाइट, करडा ग्रॅनाइट

ओट्यासाठी दगड बघायला गेलं की दुकानदार आधी काळा ग्रॅनाइट दाखवतो. डाग दिसत नाहीत, हळद धरत नाही, कडप्प्यासारखा लवकर निस्तेज पडत नाही. सगळं खरं. फक्त तो बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतो, डोलेराइट किंवा गॅब्रो असतो. म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टचाच भाऊबंद, जमिनीखाली थिजलेला. खरा ग्रॅनाइट शेजारच्या थप्पीत उभा असतो. करडा, पांढरा, नाहीतर लालसर, आणि अंगभर ठिपके.

ते ठिपके बघत मी बराच वेळ घालवतो, आणि दुकानदाराला वाटतं गिऱ्हाईक भाव पाडायच्या तयारीत आहे. काचेसारखं दिसतं ते क्वार्ट्झ, पांढरं किंवा गुलाबी ते फेल्डस्पार, चमकतात ते अभ्रकाचे पापुद्रे. दाणे नुसत्या डोळ्यांना दिसतात, कारण हा वितळलेल्या खडकाचा रस काही किलोमीटर खोलवर रेंगाळत थंड झालेला असतो. जमिनीवर येऊन थिजलेल्या बेसाल्टला तेवढी सवड मिळाली नाही. खडीसाखरेचं गणित तेच: पाक जितका निवांत, तितके खडे मोठे.

ग्रॅनाइट एके काळी वितळलेला होता, हे तरी कुठे सहज पटलं? अठराव्या शतकात तो आद्य समुद्राच्या पाण्यातून तळाशी बसत गेला असं मानणारे मोठमोठे विद्वान होते. स्कॉटिश भूशास्त्रज्ञ जेम्स हटन १७८५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लेन टिल्टला गेला. नदीच्या पात्रात त्याला लालसर ग्रॅनाइटच्या शिरा काळपट दगडात घुसलेल्या सापडल्या. दगडात घुसायचं तर आधी पातळ असायला हवं. एवढं दिसल्यावरही ग्रॅनाइटच्या जन्माचा वाद विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू राहिला. भूशास्त्रज्ञांना कोटी वर्षांची सवय असते, भांडणातही घाई करत नाहीत.

मग प्रश्न उरला, वितळलं काय? ऑस्ट्रेलियात ब्रूस चॅपेल आणि ॲलन व्हाइट या भूशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये ग्रॅनाइटची दोन घराणी सांगितली. एकाचे पूर्वज अग्निजन्य खडक, दुसऱ्याचे पूर्वज चिखल-गाळाचे. दुसऱ्या घराण्यात बहुधा पांढरं अभ्रक आणि गार्नेट ही खनिजं मिळतात, पहिल्यात काळं हॉर्नब्लेंड. मूळ कुठलं ते कळलं की तिथे काय घडलं असेल याचाही अंदाज बांधता येतो.

याची सगळ्यात देखणी जोडी हिमालयात आहे. लेहहून खारदुंग ला चढताना गाडीच्या खिडकीतून जो करडा खडक तासभर दिसत राहतो, तो पहिल्या घराण्याचा. भारत आणि आशिया यांच्यामध्ये टेथिस समुद्र होता. त्याचा तळ आशियाखाली सरकत गेला आणि आपल्याबरोबर पाणी घेऊन गेला. पाणी शिरलं की खडक कमी तापमानाला वितळतो. तो रस वर चढत चढत आशियाच्या काठाखाली साठला, तोच आजचा लडाखचा ग्रॅनाइट. त्याचा बराचसा भाग ७ ते ५ कोटी वर्षांपूर्वीचा आहे, आणि साधारण ५ कोटींच्या सुमाराला हा कारखाना थंडावतो. बुडायला समुद्रच उरला नव्हता. भारत येऊन धडकला होता.

आता गंगोत्रीकडे या. गोमुखच्या वाटेवरून दिसणारी भागीरथीची शिखरं आणि तपोवनातून अंगावर येणारा शिवलिंग, दोन्ही फिकट पांढऱ्या ग्रॅनाइटचे. भागीरथीच्या माथ्यावर काळा खडक आणि खाली पांढरा कडा, असं स्पष्ट दिसतं. हा ग्रॅनाइट जेमतेम सव्वादोन कोटी वर्षांचा आहे आणि त्यात पांढरं अभ्रक, काळं टुर्मलीन, मधूनच गार्नेट सापडतं. म्हणजे दुसरं घराणं. टक्कर झाल्यावर पृथ्वीचं कवच दुमडून जाड झालं, भारताच्या काठावरचा जुना गाळ खोल दबला, तापला आणि त्यातल्या अभ्रकाने आपल्यातलं पाणी सोडलं तसा वितळला. ज्या शिखराकडे मान वर करून बघायचं, ते मुळात चिखलाचं आहे, ही गोष्ट मला कुठल्याही ट्रेकपेक्षा थरारक वाटते.

अर्थात हे वाचन सरळसोट नाही. १९८४ मध्ये भूरसायनतज्ज्ञ ज्युलियन पिअर्स आणि सहकाऱ्यांनी रुबिडियम, इट्रियम, नायोबियम या मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून ग्रॅनाइट कुठे जन्मला ते सांगणारे आलेख मांडले, आणि ते फार लोकप्रिय झाले. पण ग्रॅनाइट रसायन घेतो आईबापांकडून, जन्मस्थळाकडून नव्हे. जुन्या ज्वालामुखी काठाचा खडक कोट्यवधी वर्षांनी निवांत पुन्हा वितळला, तर आलेख जुनाच पत्ता सांगतो. म्हणून झिरकॉन या टिकाऊ खनिजाचे कण काढून त्यांतल्या युरेनियम आणि शिशावरून वय मोजायचं, आणि आजूबाजूचे खडकही पायी फिरून बघायचे. यंत्रावर सगळं सोपवणाऱ्यांपेक्षा पायी फिरणाऱ्यांवर माझा विश्वास जास्त.

महाराष्ट्रात आपल्याला हा खडक फारसा भेटत नाही; पूर्व विदर्भ, सिंधुदुर्ग असे काही भाग सोडले तर बहुतेक ठिकाणी वर बेसाल्टचं पांघरूण आहे. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर तिथे भोक पाडलं, तेव्हा ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला. कोयनेजवळ गोठण्याला तीन किलोमीटर खोल गेले, तिथे १२४७ मीटरला संपला. दोन्हीकडे खाली ग्रॅनाइटी खडक, कोयनेचा तर अडीचशे कोटी वर्षांपेक्षा जुना. ११ डिसेंबर १९६७ ला कोयना हादरली, आणि अजूनही अधूनमधून हादरते, ती याच खडकातल्या भेगांमुळे. वरचा सह्याद्री नुसता हलतो.