बार्बाडोसचे अमेरिकन म्हणजे रिहानाच ना? तुम्ही विचारलंत म्हणून

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये राहतो आणि आसपास बरेच बार्बाडोसचे लोक आहेत म्हटलं की हमखास विचारतात, म्हणजे त्या गायिका रिहानाचे लोक ना, तिच्याशिवाय अजून कोण आहे त्यांचं? तर मुळात रिहाना अमेरिकन नाहीच हो, ती तिथलीच, २०२१ मध्ये त्यांनी तिला नॅशनल हीरो केलं. (आपल्याला ते कॅरिबियन बेट २०२४ च्या टी-ट्वेंटी वर्ल्डकप फायनलमुळे ठाऊक, ते सोडा.)

माझ्या लेखी नंबर एक शर्ली चिझम. १९६८ मध्ये अमेरिकन काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, निवडून आलेली पहिली काळी बाई, १९७२ मध्ये तर थेट राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभी राहिली. जन्म ब्रुकलिनचा, पण आईवडिलांचं भागेना म्हणून पोरींना आजोळी धाडलं, बार्बाडोसला व्हॉक्सहॉल गावात, आजीच्या शेतावर. पाणी भरा, जनावरं बघा आणि एका खोलीच्या शाळेत ब्रिटिश पद्धतीनं घोकंपट्टी, चुकलं की मार. १९३४ ला परत आली. आपलं लिहिणं-बोलणं पक्कं झालं ते त्या शाळेमुळे असं ती स्वतः सांगायची, आणि बोलण्यातला तिकडचा हेल शेवटपर्यंत गेला नाही.

हे लोक आले कसे? पनामा कालवा खणायला हजारो बार्बाडियन गेले होते, त्या पैशातून बऱ्याच जणांचं न्यूयॉर्कचं तिकीट निघालं. इथे बाया गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करायच्या आणि आपसात ‘मीटिंग टर्न’ लावायच्या, म्हणजे आपली भिशीच की! दर आठवड्याला सगळ्यांनी पैसे टाकायचे, एकीनं उचलायचे, पुढच्या वेळी दुसरीचा नंबर. अशा पैशातून ब्रुकलिनमधली ब्राउनस्टोन घरं (तपकिरी दगडाची, एकाला एक लागून असलेली) घेतली गेली. काम उरकून या बाया किचनमध्ये बसून ज्या गप्पा हाणायच्या त्या एक पोरगी कोपऱ्यातून ऐकायची, ती पॉल मार्शल (नाव पुरुषाचं वाटतं, बाई आहे), आणि तिची १९५९ ची पहिली कादंबरी बघा, त्यातली आई असंच घर घेण्यासाठी झपाटलेली.

बाकी एरिक होल्डर, अमेरिकेचे पहिले काळे अॅटर्नी जनरल, वडील बार्बाडोसचे. हिपहॉपवाला ग्रँडमास्टर फ्लॅश तर जन्मलाच ब्रिजटाऊनमध्ये, वाढला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, वडिलांच्या रेकॉर्डना चोरून हात लावायचा आणि मार खायचा.

आणि हे सगळं बृहन्मुंबईपेक्षा लहान बेटाचं, त्यामुळे पुढच्या वेळी निदान चिझमबाईंचं नाव तरी आधी घ्या.