रॅम पंपाची नोंदवही : सुगीपासून शिमग्यापर्यंत

मंडळी, ताजा आकडा आधी सांगून टाकतो. वरच्या टाकीत मिनिटाला साडेतीन लिटर पाणी पडतंय. सुगी संपली तेव्हा हाच आकडा साडेचार होता. पाणी मी मुद्दाम कमी करून घेतलंय. का, ते पुढं येईलच.

जागा तीच, बेळगावच्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढं, घाटमाथ्याच्या अंगाला. भातकापणी झाली की आमच्या ओढ्याचं पाणी नितळ होतं. दगडी बांधापासून पंपापर्यंत दोन मीटर उतार मिळतो आणि नळात मिनिटाला पंचेचाळीस लिटरच्या आसपास पाणी घेता येतं. भांडवल म्हणाल तर एवढंच.

नव्यानं आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. उतारावरच्या नळातून पाणी वेगानं येतं आणि उघड्या झडपेतून बाहेर सांडतं. वेग वाढला की तेच पाणी झडप ओढून बंद करतं. धावतं पाणी एकदम अडलं की दाबाचा दणका बसतो. त्या दणक्यात थोडं पाणी दुसऱ्या झडपेतून हवेच्या डब्यात शिरतं आणि तिथून वर चढतं. दाब उतरला की पहिली झडप पुन्हा उघडते. ना वीज, ना डिझेल. इंग्लंडात व्हाइटहर्स्टनं १७७२ साली असं यंत्र केलं होतं, पण त्याची झडप माणसाला हातानं उघडझाक करावी लागे. आपोआप चालणारा रॅम १७९६ चा, फ्रान्सच्या माँगोल्फिएचा. हवेचा फुगा उडवणाऱ्या भावांपैकीच हा एक.

यंदाचा मोठा बदल म्हणजे पीव्हीसी काढून वीस फुटी जीआयचे (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) दोन नळ जोडले. पीव्हीसी दणक्याला फुगतं आणि बराच जोर स्वतःच खातं. लोखंड फुगत नाही. त्याच उतारावर, त्याच अकरा मीटर उंचीवर सव्वातीनचे साडेचार लिटर झाले. सांडणारी झडप म्हणजे मोटारीचा पितळी फुटबॉल (फूट व्हॉल्व्ह, पाण्यातल्या नळाच्या टोकाची झडप) उलटा बसवलेला, वर वजनाला दोन नट. वजन वाढवलं की ठोके कमी पडतात पण जोराचे पडतात. मिनिटाला पन्नास ठोक्यांवर पंप छान लागतो. डब्यातली हवा हळूहळू पाण्यात विरघळून संपते आणि पंप लोखंडावर घण मारल्यासारखा वाजू लागतो. म्हणून आत सायकलची फुगवलेली ट्यूब सरकवून दिलीय. भोक पाडून हवा घेण्यापेक्षा मला हे बरं वाटतं.

आता हिशेब. मला यातच जास्त गोडी आहे, यंत्र एक निमित्त.

साडेचार लिटर म्हणजे चोवीस तासांत साडेसहा हजार लिटर. ते अकरा मीटर चढवायला लागणारी शुद्ध ऊर्जा किती? हजार लिटर एक मीटर उचलायला २.७ वॅट-तास लागतात, त्या हिशेबानं दिवसाला जेमतेम ०.२ युनिट. साध्या मोटारीची गळती-घर्षण धरली तरी पाऊण युनिटाच्या आतच. एवढा खटाटोप पाऊण युनिटासाठी, म्हणून हसायचं तर खुशाल हसा. त्यात कर्नाटकात शेतीच्या १० एचपीपर्यंतच्या पंपाला वीज फुकट. पैशात बघितलं तर माझा रॅम शुद्ध वेडेपणा.

पण फुकट वीज आपल्या वेळेला कुठं येते? थ्री फेज ठरावीक तासच, त्यातले पुष्कळ रात्रीचे. गव्यांच्या वाटेवर बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जाणं काय असतं, ते इकडच्या माणसाला सांगायला नको. म्हणून सगळ्यांनी ऑटो स्टार्टर बसवले. लाइन आली की एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटारी एकदम उठतात, व्होल्टेज पडतं, वाइंडिंग जळतं. शिवाय आपोआप लागलेली मोटार पाटात पाणी सोडून देते, वाफा भरला तरी कोणी बघायला नसतं. बिल शून्य असलं की पाणी मोजायची सवयच लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. रॅमनं मला ती लावली, कारण त्याच्याकडं द्यायला थोडंच आहे.

एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. त्यावर एक मिलीमीटर पाणी द्यायचं तर १०१ लिटर लागतं. भाजीला या दिवसांत रोज पाच मिलीमीटर धरा, म्हणजे गुंठ्याला पाचशे लिटर. पाटानं सोडलं तर आमच्या लाल मातीत निम्मं तरी मुरून जातं, म्हणून हजार धरावं लागतं. साडेसहा हजार लिटरमध्ये पाटानं साडेसहा गुंठे भिजतात. ठिबक केलं तर बारा-तेरा भिजायला पाहिजेत, पण ठिबकला दाब लागतो आणि टाकी वाफ्याच्या बरोबरीलाच होती.

म्हणून टाकी तीन मीटर वर, फणसाजवळच्या टेपावर नेली. एकूण चढ चौदा मीटर झाला आणि पाणी साडेतीन लिटरवर आलं. दिवसाला पाच हजार. पण त्या पाच हजारांत ठिबकनं दहा गुंठे भिजतात. पाणी दीड हजार लिटरनं घटलं आणि मिरची-वांग्याच्या ओळी वाढल्या! पंप मोठा करायच्या मागं लागलेल्यांनी आधी हा हिशेब आपल्या वाफ्यावर मांडून बघावा. भातानंतरच्या खाचरात तर एक थेंबही दिला नाही. येळ्ळूर-वडगावकडं मसूर नुसत्या ओलीवर येते, तीच तिथं टाकलीय.

खालच्या शेताचे काका एकदा कमरेवर हात ठेवून बांधावर उभे राहिले. "पाणी सगळं वर ओढायलास काय रे?" त्यांना झडपेपाशी नेलं. दहातलं नऊ भाग पाणी तिथंच सांडून पुन्हा ओढ्याला लागतं, वर जातं ते एका भागाहूनही कमी. "आणि तो एक भाग?" त्यांनी विचारलंच. प्रश्न रास्त आहे. म्हादई नदीच्या पाणीतंट्यातल्या लवादानं ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, त्यातलं ८.०२ टीएमसी वीजनिर्मितीसाठी, म्हणजे वापरून पुन्हा नदीत सोडायचं. भांडण पेटतं ते उरलेल्यावर, जे मलप्रभेत वळवायचं किंवा तिथंच वापरून संपवायचं आहे त्यावर. आमच्या ओढ्यावर लवाद नाही, काकांना आठवड्याची वांगी जातात.

वाफ्यावर आच्छादनाला पिंजर (भाताचं वाळलं गवत) घालायचा मोह होतो, पण पिंजर म्हशीचं. तिचं शेण गोबरगॅसला लागतं आणि शेणाइतकंच पाणीही. ते पाणी पुन्हा त्याच टाकीतलं. स्लरीबरोबर ते वाफ्यात येतं, म्हणून मी ते खर्चात धरत नाही. आच्छादनाला फणसाचा पाला आणि मागून आणलेलं उसाचं पाचट.

आता खरी अडचण. शिमगा जवळ आला तसा ओढा आटत चाललाय. नळ पूर्ण भरला नाही तर दोन इंची झडप मिटतच नाही, नुसती वाहत राहते. म्हणजे ज्या महिन्यांत पाण्याची गरज जास्त, त्याच महिन्यांत पंपाची ताकदही ओढ्याबरोबर जाते. सोलरचं याच्या उलट, उन्हाळ्यात ऊन भरपूर, पण तोवर विहिरीचं पाणी खोल गेलेलं असतं.

सध्या बेत असा आहे की, याच बांधावर एक इंची रॅम शेजारी बसवायचा. पंधरा लिटर पाण्यावर तो चालला तर वर मिनिटाला एक लिटर, दिवसाला साधारण दीड हजार. एप्रिलच्या उन्हात तेवढ्यात दोन गुंठे निघतील, म्हणून मिरचीचा शेवटचा तोडा झाला की बाकीच्या लॅटरल (ठिबकच्या नळ्या) गुंडाळून ठेवणार. एक इंचीला फुटबॉलची झडप जड पडते असं वाटतंय. कोणी टायरच्या रबराची पट्टी वापरून बघितली असेल तर जाडी किती घेतली ते कळवा.