घिरकी एकच, पण हिट किती धरायचे?

आमच्या कोथरूडच्या ग्रुपमध्ये अजूनही डी अँड डी (टेबलावर फासे टाकून खेळायचा रोल-प्लेइंग गेम) ३.५ च चालतं आणि फायटरवाल्याने व्हर्लविंड अटॅक हा फीट (कॅरेक्टरची खास कला) घेतला की त्या रात्री वाद ठरलेला. गोल फिरून आजूबाजूच्या सगळ्यांना एकेक फटका, इथपर्यंत कोणाची तक्रार नसते. पण तलवार फ्लेमिंग (आगीची जादू असलेली) असेल तर आगीचा जास्तीचा १डी६ (सहा बाजूंच्या एका फाशाएवढा) डॅमेज एकदाच धरायचा की प्रत्येकाला?

माझं म्हणणं, आधी बघा की गेम त्या घिरकीला एक अटॅक मानतोय की आठ शत्रूंवर आठ. ३.५ मध्ये प्रत्येक शत्रूसाठी वेगळा अटॅक रोल टाकावा लागतो, म्हणजे हिट वेगळे, म्हणजे आग प्रत्येकाला लागणार, विषय संपला. पण हेस्ट (वेग वाढवणारा स्पेल) आहे, स्पीडवालं वेपन आहे, मला अजून एक वार द्या असं कोणी म्हणालं तर नाही मिळणार, कारण व्हर्लविंड केला की बाकी फीट, स्पेल, ॲबिलिटीतून मिळणारे एक्स्ट्रा अटॅक सोडायचे असं फीटमध्येच लिहिलंय.

ही अट २००३ च्या ३.५ मध्ये आली, आधीच्या ३.० मध्ये नव्हती आणि ती नसल्यामुळेच ती उंदरांची फेमस आयडिया निघाली. पिशवीभर उंदीर ड्रॅगनच्या पायाशी ओतायचे, घिरकी मारायची आणि मेलेल्या प्रत्येक उंदरामागे ग्रेट क्लीव्ह या दुसऱ्या फीटचा एक फुकट वार ड्रॅगनवर! आमचा डीएम (खेळ चालवणारा) म्हणतो, उंदीर आणलेस कुठून ते सांग आधी, तुळशीबागेत मिळतात का.

टेबलावर निदान भांडता तरी येतं, कॉम्प्युटर गप्प बसतो. डायब्लो २ या कॉम्प्युटर गेममधला बार्बेरियन घ्या. व्हर्लविंडमध्ये लाइफ लीच (दिलेल्या डॅमेजमधून स्वतःला लाइफ मिळणं) चालतो, क्रशिंग ब्लो पण चालतो (साध्या मॉन्स्टरच्या उरलेल्या लाइफचा चौथा हिस्सा एका फटक्यात, वेडेपणा आहे), म्हणून गर्दीत घुसलं की लाइफचा लाल गोळा भराभर भरतो. पण ग्लोव्ह्जवरचा २० टक्के अटॅक स्पीड? जुन्या व्हर्जनमध्ये व्हर्लविंडला शून्य उपयोग, फक्त वेपनवरचा स्पीड धरला जायचा आणि हे गेममध्ये कुठेही सांगत नाहीत.

डायब्लो ३ मध्ये प्रॉक कोएफिशियंट आहे, म्हणजे भरपूर जणांना सटासट लागणाऱ्या स्किलला लाइफ ऑन हिट (प्रत्येक हिटला मिळणारं लाइफ) पूर्ण मिळत नाही, एका आकड्याने गुणून कमी मिळतं. मला हे पटतं, नाहीतर गर्दीत कोणी मेलंच नसतं. पण तो आकडा टूलटिपमध्ये (स्किलच्या माहितीच्या चौकटीत) नाही हे डोक्यात जातं राव, गियर (शस्त्रं, अंगठ्या वगैरे सामान) निवडायचं तरी कशावरून? एरिया डॅमेजचं त्यामानाने सरळ आहे, हिटला २० टक्के चान्स, १० यार्डांतल्या बाकीच्यांना डॅमेजचा काही भाग आणि त्या उडालेल्या डॅमेजमधून पुढे काहीच ट्रिगर होत नाही.

त्यामुळे घिरकीवाल्या बिल्डला मी 'प्रत्येक हिटला' लिहिलेलं गियर आधी घालतो. फक्त एकटा बॉस समोर आला की त्याच गियरचा दम निघतो, एकच टार्गेट, लीच पण तेवढाच, म्हणून स्टॅशमध्ये (सामानाच्या पेटीत) दुसरा सेट ठेवायचाच.