तांबूस बीच

इंग्लंडमधल्या जुन्या जमीनदारी वाड्यांच्या बागांत हिरव्या झाडांच्या दाटीत एखादाच जांभळट पानांचा बीच वृक्ष उभा असतो आणि मे महिन्यात त्याचे कोवळे, कडेला रेशमी लव असलेले पान उन्हाकडे धरून पाहिले, की आपल्याकडच्या कुसुंबाची लाल पालवी आठवते. कुसुंब लवकरच हिरवा होतो. बीचच्या पानातले अँथोसायनिन हे लालसर-जांभळे रंगद्रव्य मात्र हरितद्रव्याला पुढेही झाकून ठेवते, फक्त आतल्या सावलीतली पाने हिरवट राहतात. ही माळ्याची करामत नव्हे: स्वित्झर्लंडच्या बुख आम इर्खेल येथील रानात अशा झाडांची नोंद १६८० सालीच झाली होती. ओळीने लावलेले हे बीच मला (कदाचित अन्यायाने) सुतकी वाटतात. एकटे झाड मात्र ढगाळ दुपारी जवळजवळ काळे दिसते आणि मागचे कुरण अधिकच हिरवे करते.