आजीच्या वर्षश्राद्धाचे पैसे आणि धनेशाचं घरटं

आजीला जाऊन या श्रावणात वर्ष झालं. तिच्या नावाने काहीतरी दान करायचं हे घरात सगळ्यांच्याच मनात होतं, म्हणून एका रविवारी बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या जुन्या घरी बाबा, काका, आत्या, माझा चुलत भाऊ आणि मी असे सगळे बसलो. काका म्हणाले अन्नदान करू, आत्या म्हणाली शाळेला देऊ, आणि मी म्हटलं जंगलाला देऊया. आत्या म्हणाली, "अगं जंगलाला कसे देणार पैसे? घेणार कोण?"

प्रश्न अगदी बरोबर होता, कारण एकदा आमचं चुकलेलं आहे. तीन वर्षांपूर्वी बाबांच्या साठीला मी ऑनलाइन साठ झाडांचे पैसे भरले होते, एका झाडाचे इतके इतके असा हिशोब, लगेच सर्टिफिकेट पण आलं, बाबांच्या नावाचं, हिरव्या बॉर्डरचं, आम्ही ते फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. मग गेल्या वर्षी गावी जाताना ती जागा वाटेतच आहे कळल्यावर वाकडी वाट करून बघायला गेलो. उघडा सडा, म्हणजे कातळाचं पठार, त्या कातळात केलेले खड्डे, बहुतेक रोपं वाळून काड्या झालेली आणि जी जगली होती ती सगळी गिरीपुष्पाची, म्हणजे मुळात आपल्याकडचं झाडच नाही ते. बाबा काही बोलले नाहीत, नुसते उभे राहिले, आणि मला अजून त्याचं वाईट वाटतं. शिवाय सडा म्हंजे काही रिकामी जागा नसते हो! पावसाळ्यात तिथे फुलांचा जो गालिचा होतो तो सड्याचाच, कासला बघायला लाखो लोक जातात तो हाच प्रकार. तिथे झाडं लावायचीच कशाला?

तेव्हापासून मी याबद्दल जमेल तसं वाचतेय. रेनफॉरेस्ट म्हटलं की आपल्याला ॲमेझॉनच आठवतं, पण आमचं मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी, आणि तिथून घाट चढायला लागलं की जे रान सुरू होतं ते त्याच जातकुळीतलं आहे. तिकडे आंबोलीला तर वर्षाला बडोद्याच्या सात-आठपट पाऊस पडतो. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारशात घेतल्या, त्यात आपल्या महाराष्ट्रातले कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी आहेत. पण आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातलं बरंचसं रान सरकारचं नाहीच, खाजगी आहे, लोकांच्या सातबाऱ्यावर आहे, म्हणजे मालकाला पैशांची नड आली की ठेकेदार येतो, रान उभंच्या उभं विकलं जातं आणि चार दिवसांत डोंगर मोकळा. लाकूड, कोळसा, जे काय असेल ते. पुन्हा तसं रान उभं राहायला किती पिढ्या लागतील ते कोण सांगणार.

आजी धनेशाला, म्हणजे मोठ्या चोचीच्या हॉर्नबिल पक्ष्याला, गरुड म्हणायची. त्याच्या पंखांचा आवाज लांबून यायचा, कुणीतरी मोठा कपडा झटकतंय तसा, असं ती सांगायची, आणि ती दरवर्षी बघायची त्या घरट्याचं झाड बेहड्याचं होतं. धनेशाची मादी अंडी घालायच्या वेळी झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि ढोलीचं तोंड लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते, आणि मग तीन-चार महिने नर तिला त्या फटीतून खायला आणून देतो, वडाची उंबराची फळं बहुतेक. (आमच्या बडोद्याचं नावच वडावरून पडलंय म्हणतात, म्हणून मला हे वाचताना फार बरं वाटलं.) म्हणजे त्या महिन्यांत नर मारला गेला किंवा झाड तुटलं तर आतलं अख्खं कुटुंब जातं. आणि इतकी मोठी ढोली तरण्या झाडाला नसतेच, त्याला जुनं जाडजूड झाडच लागतं. आता साठ काय सहाशे रोपं लावा, धनेशाला या वर्षी घर मिळणार नाही.

म्हणून मी घरच्यांना अरुणाचलमधल्या पक्के नावाच्या व्याघ्रप्रकल्पाबद्दल सांगितलं. तिथे व्याघ्रप्रकल्पाच्या बाहेरच्या जंगलात न्यिशी समाजाचे लोक धनेशाच्या घरट्यांची राखण करतात. पूर्वी याच समाजात धनेशाची चोच टोपीला लावायची पद्धत होती, त्यासाठी शिकार व्हायची, आता बरेच जण फायबरची चोच लावतात. गावबुढ्यांची, म्हणजे गावच्या प्रमुखांची, घोरा-आभे सोसायटी, वनखातं आणि नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन अशा तिघांनी मिळून २०११-१२ च्या सुमाराला घरटं दत्तक घ्यायची योजना सुरू केली, शहरातल्या लोकांनी पैसे द्यायचे आणि त्यातून घरटं राखणाऱ्या गावकऱ्याला पगार मिळायचा, मग पैसे देणाऱ्याला त्या घरट्याची खबर पण कळवतात. हे ऐकल्यावर आत्या एकदम म्हणाली, "म्हंजे बाळंतिणीची राखणच की गं!" आणि तिथेच ठरलं. आजीने वाड्यातली किती बाळंतपणं केली होती ते आत्यालाच माहिती.

काकांचा मुद्दा वेगळा होता, की जे तुटलंय ते परत उभं करणाऱ्यांना पण द्यायला हवं. मला ते पटतं, फक्त कोण कसं करतं ते बघून. त्याच नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनचे लोक तमिळनाडूत वालपराईला चहाच्या मळ्यांमध्ये उरलेले रानाचे तुकडे दोन दशकांहून जास्त काळ दुरुस्त करतायत. रस्त्याच्या कडेला पडलेल्या बिया गोळा करायच्या, रोपवाटिकेत शंभराहून जास्त जातींची स्थानिक रोपं वाढवायची, आधी घाणेरीची झुडपं उपटायची, मग लावायचं, आणि नंतर परत परत जाऊन तण काढायचं. मळ्याच्या कंपन्यांशी बोलून हे तुकडे राखायला लावले ते वेगळंच. किती रोपं जगली आणि किती मेली हेही त्यांनी शोधनिबंधात छापलंय, कुठे निम्म्याहून कमी जगली तेसुद्धा! २०१९ साली आलेल्या अभ्यासात तर अशी दुरुस्त केलेली जागा नुसत्या सोडून दिलेल्या जागेपेक्षा मूळ रानाच्या जास्त जवळ गेलेली दिसली. मला हा मेलेल्या रोपांचा आकडा कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

त्यामुळे आता कुणीही पैसे मागितले की मी आधी विचारते की कुठली झाडं लावणार, जागा आधी काय होती, तिसऱ्या वर्षी तण कोण काढणार आणि त्याला पगार कोण देणार, आणि याचं उत्तर पटकन आलं नाही तर मी पैसे देत नाही. ८०जी ची पावती मागून घ्या, जुन्या टॅक्स पद्धतीत असाल तर सूट मिळते, नव्यात नाही, आणि २००० रुपयांच्या वर रोख दिलंत तर जुन्यातही नाही.

तर पैसे घरट्यासाठी गेले. पण त्या दुपारी खरं बोलणं नंतरच झालं. बाबांनी कपाटातून गावचा सातबारा काढला. आमचं तिथे थोडं डोंगरातलं रान आहे, सामाईक, एकोणीस नावं आहेत, आणि आजीचं ते बेहड्याचं झाड त्यातच. दोन वर्षांपासून एक ठेकेदार सगळ्यांना फोन करतोय आणि दोघं-तिघं नातेवाईक तयार पण झालेत, त्यांची अडचण आम्हाला माहिती आहे, मुलांची शिक्षणं आहेत, नुसतं "विकू नका" म्हणून कसं चालेल. त्याच तालुक्यात अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही पुण्याची संस्था कित्येक वर्षं देवरायांचं आणि खाजगी रानांचं काम करतेय, रान न तोडण्याचा करार करून गावाला मोबदला देणं, हिरडा-बेहड्याची फळं नीट गोळा करून त्यांना चांगला भाव मिळवून देणं, म्हणजे झाड उभं ठेवून पैसे येतील असं बघणं. आम्ही त्यांना विचारायचं ठरवलंय, पण त्याआधी घरातल्याच सगळ्यांनी हो म्हणायला हवं.

बाबांनी स्वतः फोन लावायला सुरुवात केलीय, रोज संध्याकाळी एक. बारा जण हो म्हणालेत. पुण्याच्या काकूंनी तर नड असलेल्यांना ठेकेदाराकडून जितका वाटा मिळाला असता तितके पैसे आपण सगळ्यांनी मिळून त्यांना द्यावेत असं सुचवलं, त्यावर अजून चर्चा चालू आहे. सात जण राहिलेत. दिवाळीत गावी चाललोय, सातबाऱ्याची प्रत बरोबर घेऊन.