आमची वाटचाल : काळी, करडी, पांढरी

माणदेशात घोंगडी विणणाऱ्यांच्या गल्ल्याच्या गल्ल्या होत्या. आमचं घर त्यातलंच एक. धनगरांनी मेंढरं राखायची आणि सनगरांनी विणायचं अशी जुनी वाटणी. अर्थात ती काही काळ्या दगडावरची रेघ नव्हती, धनगरांतले खुटेकर स्वतःच माग चालवायचे. आजोबांच्या काळात माग सोप्यात, चरखे परसात, आणि बाजाराच्या दिवशी घड्या खांद्यावर टाकून निघायचं, एवढाच कारभार. घेणारा शेतकरी, नाहीतर मेंढपाळ. पावसात डोक्यावर खोळ, रात्री राखणीला अंथरूण-पांघरूण, धान्य वाळवायला, पाहुणा आला की बसायला, सगळ्याला एकच घोंगडी. मापही हातावर. गिऱ्हाईक आठ हाती म्हणायचं, नऊ हाती म्हणायचं, आजोबा त्याच्या उंचीवरून एकदा नजर फिरवायचे आणि बरोबर की चूक ते सांगायचे.

अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, पेठेत गाळा घेतला, बिलबुक छापलं, बँकेत खातं काढलं. वेळ मात्र वाईट निघाली. शेतकऱ्याला पावसासाठी प्लास्टिकचा कागद मिळायला लागला आणि थंडीसाठी पाणीपतचं ब्लँकेट. हलकं, रंगीत, आमच्यापेक्षा कितीतरी स्वस्त. गल्लीतले माग एकेक करून उठले. मागाचे खड्डे बुजवून वर फरश्या बसल्या. कुणी इचलकरंजीला यंत्रमागावर गेलं, कुणी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात परमुलखी. अण्णांनी गाळा विकला नाही, यात धोरण वगैरे काही नव्हतं. त्या पडत्या काळात गाळ्याला किंमतच येत नव्हती.

मी धंद्यात आलो तेव्हा भेटेल तो एकच सल्ला द्यायचा : घोंगडी टोचते, ती मऊ करा. मेरिनो मिसळा, अ‍ॅक्रिलिक मिसळा, शाली काढा, मफलर काढा. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण आमच्या लोकरीची जातच त्यांना ठाऊक नव्हती. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. मेरिनोचा तंतू वीस मायक्रॉनच्या आगेमागे असतो, आमचा निदान त्याच्या दुप्पट, आणि त्यात केसांचं प्रमाण भरपूर. तिच्यात थोडी मऊ लोकर घातली तरी जाडे केस सुतातून बाहेर डोकावतातच. म्हणजे खर्च वाढतो आणि टोचायचं ते टोचतंच. अ‍ॅक्रिलिकचं कारण वेगळं. घोंगडीवर शेकोटीची ठिणगी पडली तर तेवढ्यापुरतं काळं होतं, जळक्या केसांचा वास येतो आणि आपोआप विझतं. अ‍ॅक्रिलिक वितळून अंगाला चिकटतं. रानात शेकोटीशेजारी झोपणाऱ्या माणसाला ते विकायचं माझ्या मनाला पटलं नाही. टोचणारी वस्तू टोचणारी म्हणूनच विकायची, फक्त ती उघड्या अंगाला न लावता कुठं वापरायची ते सांगायचं, हे आमचं ठरलं. आज आमचा निम्म्याहून जास्त माल गादीवर किंवा जमिनीवर अंथरायला जातो.

मऊपणाचा प्रश्न असा निकालात निघाला. रंगाचा मात्र निघेना. घोंगडीचा काळा रंग कधी भुरकट यायचा, कधी पट्ट्यापट्ट्यानं बदलायचा. त्याचं उत्तर मिळालं पाणीपतला.

ज्या गावच्या ब्लँकेटनं आमची गल्ली उठवली, तिथली एखादी गिरणी आतून बघावी अशी खुमखुमी पुष्कळ दिवसांची होती. सुताच्या एका व्यापाऱ्याच्या ओळखीनं ती संधी मिळाली. गिरणी एका कुटुंबाची, तिसरी पिढी कामावर, आणि आजोबा अजून रोज येऊन बसणारे. माझ्या डोक्यात गिरणी म्हणजे यंत्रांची रांग होती. आत गेलो तर आधी दिसले कपड्यांचे डोंगर. युरोप-अमेरिकेतले जुने स्वेटर, कोट, मफलर. हा माल कांडला बंदरातून चिंध्या म्हणून येतो, आणि कपडे म्हणून कुणी विकू नये यासाठी प्रत्येक नगाला आधीच फाडलेलं असतं. मोठा चिरा पडलेले, पण अंगानं धडधाकट स्वेटर हजारोंनी पडलेले बघताना सुरुवातीला चमत्कारिक वाटतं.

त्या ढिगांपुढे बायका बसल्या होत्या. समोर विळीसारखं उभं पातं. त्यावर कपडा ओढायचा, बटणं एका टोपलीत, चेन दुसऱ्या टोपलीत, अस्तर आणि लेबल बाजूला. हात इतके सवयीचे की नजर भलतीकडेच. उरलेलं कापड रंगाप्रमाणे ढिगात. आणि रंगाप्रमाणे म्हणजे लाल, निळा, हिरवा असं ढोबळ नाही. नुसत्या तांबड्यातच विटकरी वेगळा, डाळिंबी वेगळा, गुलालाच्या जवळचा वेगळा, काळपट वेगळा. पुढे दात्यांच्या रुळांचं यंत्र त्या कपड्यांच्या चिंध्या आणि चिंध्यांचे तंतू करतं, मग पिंजण, मग सूत, मग माग. तंतू तुटून आखूड झालेले असतात, म्हणून सुताला ताकद यायला त्यात कृत्रिम धागा घालतात. पण रंगवण्याची पायरीच नाही! डाळिंबी ढिगातून डाळिंबी सूत निघतं. रंगाचा खर्च नाही, पाण्याचा खर्च नाही, सांडपाण्याची कटकट नाही. सगळी कमाई त्या निवडण्यात.

त्यांचे आजोबा खुर्ची टाकून बसले होते ते यंत्रांपाशी नाही, या ढिगांपाशी. यंत्र काय, पैसे असले की कुणीही आणेल, नजर कुठून आणणार, असं त्यांचं म्हणणं. जाता जाता त्यांनी आपलंही रडगाणं ऐकवलं. भूकंप, पूर, निर्वासितांच्या छावण्या, जगभरच्या मदतकार्यात पाणीपतची ब्लँकेटं जायची. पुढे पॉलिस्टरची फ्लीस ब्लँकेटं आली आणि त्या ऑर्डरी आटत गेल्या. माझा जुना राग तिथल्या तिथे विरला असं मी म्हणणार नाही, पण निघताना त्यांना नमस्कार मनापासून केला.

परतीच्या गाडीत डोक्यात एकच घोळत होतं. आमच्याकडे लोकर यायची ती व्यापाऱ्याच्या पोत्यातून. काळी, पांढरी, करडी, कोकराची, म्हाताऱ्या मेंढीची, पोटाखालची मातकट, सगळी एकत्र कोंबलेली. आजोबा लोकर थेट धनगराच्या वाड्यावरून, म्हणजे मेंढरांच्या मुक्कामावरून आणायचे, आणि काळी कोकराची लोकर, जिला जावळ म्हणतात, तिचं पोतं कायम वेगळं असायचं. काळ्या मेंढीचा खरा काळा पहिल्या कातरणीलाच मिळतो. पुढे उन्हानं आणि वयानं तो तपकिरी, करडा होत जातो. अण्णांच्या अडचणीच्या काळात वाड्यावर जाणं सुटलं, पोती दारात यायला लागली, आणि निवड करायची असते हेच घरात कुणाला आठवेनासं झालं. आमचा भुरकट काळा तिथून येत होता.

मग वाडे शोधायला लागलो. शोधायलाच लागतात, कारण पाऊस संपला की आमच्याकडचे मेंढपाळ मेंढरं घेऊन बाहेर पडतात, कोकणात उतरतात, खतासाठी शेतात मेंढरं बसवतात आणि मृगाच्या आसपास परततात. आमच्या भागात लोकर वर्षातून दोनदा कातरतात, आणि नेमकं तेव्हा तिथं पोचावं लागतं. एका म्हाताऱ्या मेंढपाळानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पोरा, मटणाला भाव हाय. केसाला कोण इचारतंय?” त्याचं काही चुकत नव्हतं. लोकरीतून कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही, म्हणून कित्येक जण ती बांधावर टाकून देतात. एका दख्खनी मेंढीपासून वर्षाकाठी किलोभरसुद्धा लोकर निघत नाही. उलट जत भागातली माडग्याळ मेंढी बघा, बाकदार नाकाची, उंचीपुरी, मांसाला उत्तम आणि अंगावर लोकर नावाला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं जुळी कोकरं देणारी ‘नारी सुवर्णा’ तयार केली, तीही मेंढपाळाच्या हातात कोकरांतून पैसा पडावा म्हणून. मेंढपाळाच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. पण त्यामुळे काळी लोकर देणारी मेंढरं आमच्या डोळ्यांदेखत कमी होत चालली आहेत, हेही खरं.

मी दोन गोष्टी कबूल केल्या : निवडलेल्या लोकरीला जास्त भाव, आणि पैसे जागेवर रोख. त्या बदल्यात काळी, करडी, पांढरी वेगळी, जावळ वेगळं, पोटाखालची घाण लोकर घ्यायचीच नाही. पहिल्या कातरणीला पोती मिसळूनच आली. पुढच्या वेळी वाड्यावरच्या बायकांनी काम हातात घेतलं आणि प्रश्न मिटला. आता आमच्यापेक्षा त्याच कडक झाल्यात. त्यांनी बांधलेल्या पोत्यात गोखरू आणि कुसळंसुद्धा कमी निघतात. हे फार मोठं काम आहे, कारण गोखरूचा एक काटा सुतात राहिला की तो थेट गिऱ्हाइकाच्या पाठीत जातो.

सगळं हातानं करतो असं आम्ही मिरवत नाही. लोकर पिंजायला यंत्र आहे आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही, धनुकलीनं पिंजताना माणसाची छाती धुळीनं भरायची. सूत मात्र अजून घरोघरी बायका चरख्यावर काढतात. त्याचं कारण भावनेचं नाही. आमची लोकर आखूड-लांब, जाड-बारीक. कातणारीच्या बोटांना ते कळतं आणि ती तसा पीळ देते. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना कडक पीळ, बाण्याला, म्हणजे आडव्यांना सैल. एक घोंगडी विणायला जितका वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ तिचं सूत काढण्यात जातो, म्हणून आमच्या खर्चात सगळ्यात मोठा आकडा कातणारींचा आहे.

हल्ली बरेच जण आमचं काम बघायला येतात. बहुतेकांना माग बघायचा असतो. माग बघावा जरूर. विणकर जमिनीशी बसलेला, पाय खड्ड्यात, धोटा इकडून तिकडे, फणीचा ठोका. फोटो छान येतात. पण मी त्यांना सांगतो, शक्य असेल तर खळीच्या, म्हणजे ताण्याला कांजी लावायच्या दिवशी या.

चिंचोके भाजायचे, वरची तांबडी सालं काढायची, भिजवून वाटायचे आणि मोठ्या पातेल्यात शिजवायचे. पांढुरकी, चिकट खळ तयार होते. ताणा गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधलेला असतो. त्यावर खळ ओतत जायचं आणि दोन्ही बाजूंनी कुंच्यानं झाडत जायचं, एकाच दिशेनं. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावरचे केस बसले पाहिजेत, नाहीतर मागावर शेजारशेजारचे धागे एकमेकांना धरतात आणि धोटा अडकतो. हात थांबवता येत नाही. खळ सुकायच्या आत धागे मोकळे झाले नाहीत तर ताणा चिकटून दोरखंड होतो. तेवढ्या वेळात मोटारसायकलवाल्यांना वळसा घालून जावं लागतं. गल्लीतली जुनी माणसं न सांगता वळतात, नवे हॉर्न वाजवतात. आकाशात ढग दिसला की अण्णा अजूनही ओट्यावरून ओरडतात, “आज नको रे!” आणि बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर निघतं.

विक्रीबद्दल थोडं. एका मोठ्या शहरातल्या दुकानानं भरपूर माल उधारीवर उचलला आणि नंतर वासाचं कारण सांगून पैसे अडकवले. तेव्हापासून उधारी बंद. वास असतोच, ओली झाली की घोंगडी मेंढीची आठवण करून देते. आता आम्ही पिंजण्याआधी लोकर रिठ्याच्या पाण्यात धुतो, त्यानं तो पुष्कळ कमी होतो, पूर्ण जात नाही. दुसरं म्हणजे, घोंगडीवर झोपल्यानं वात जातो, रक्तदाब उतरतो, असं बरंच काही सांगून बाजारात माल खपवला जातो. आमच्या चिठ्ठीवर तसलं एक अक्षर नसतं. ऊब देते, अंगाखालचा घाम शोषून घेते आणि तरी ओलसर लागत नाही, एवढं आम्ही खात्रीनं सांगतो. गरम पाण्यात धुऊ नका, आटते. वर्षातून दोनदा कडक ऊन दाखवा आणि कडुनिंबाचा पाला घालून ठेवा, नाहीतर कसर लागते.

करडी आणि पांढरी घोंगडी बहुतेक वेळा तयार मिळते. जावळाच्या काळ्या घोंगडीची मागणी आम्ही वहीत नावानिशी लिहून घेतो, आगाऊ पैसे घेत नाही, आणि वाड्यावरून लोकर आली की त्याच क्रमानं फोन करतो. कातरणीत काळं कमी निघालं तर पुढच्या कातरणीपर्यंत थांबावं लागतं. ज्यांना थांबायचं नाही त्यांना करडी दाखवतो, आणि खरं सांगायचं तर अंथरायला ती तितकीच चांगली आहे.